सागवानी डुकराचे मुंडके परत न देण्याबाबत

प्रति,
मा. हत्यार परवाना अधिकारी साहेब,
मुक्काम चांदा.

अर्जदार : बुधरी बेवा कोलू मडावी, वय अंदाजे पंचावन्न, धंदा शेती, राहणार मौजा कोसंबटोला, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा.

विषय : मयत नवऱ्याची ठासणीची बंदूक अर्जदार बाईच्या नावे मिळण्याबाबत; तसेच लाकडी डुकराचे मुंडके परत न देण्याबाबत व माफी न मागण्याबाबत.

संदर्भ : वैनकाठ रायफल मंडळ, सावली यांची बाईस आलेली नोटीस, ता. ७ ऑक्टोबर १९५७.

महोदय,

अर्जदार बाई हात जोडून, पण मान खाली न घालता, हा अर्ज करते. बाईला लिहिता येत नाही. गडचिरोलीच्या तहसील कचेरीपुढे बसणारा अर्जनवीस सोमाजी याने तो लिहिला आहे. जिथे बाईने स्वतःचे शब्द घालायला लावले तिथे ते जसेच्या तसे घातले आहेत. त्यांची धार बोथट करण्याचा प्रयत्न लिहिणाऱ्याने केला होता, तो बाईने चालू दिला नाही.

१. बाईचा नवरा कोलू मडावी याच्या नावे पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना होता. कोलू गेल्या उन्हाळ्यात तापाने वारला. परवाना त्याच्याबरोबर संपला, आणि कायद्याप्रमाणे बंदूक ठाण्यात जमा झाली. शिपाई बंदूक न्यायला आला तेव्हा बाईने त्याला पाणी दिले, बंदूक पुसून हातात दिली, नळीत माती जाऊ देऊ नको एवढेच सांगितले. घरात ती जिथे टांगलेली असे ती खुंटी आता रिकामी आहे. बाईने तिच्यावर दुसरे काही अडकवलेले नाही, सुपडेसुद्धा नाही.

२. बाईची धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, जंगलाला लागून आहे. धान भरायला लागले की रानडुकरे कळपाने उतरतात. खातात थोडे, लोळून नासवतात फार. गावात दुसरी बंदूक नाही. कोलू तापाने कुडकुडत असे तेव्हा राखणीच्या माचीवर बसून बार बाईच काढत असे. दुसऱ्याच्या परवान्यावर बंदूक चालवणे हा गुन्हा आहे, म्हणून वरचे वाक्य गाळावे, असे लिहिणाऱ्याने सुचवले. बाई म्हणाली, "लिही. डुकरायले का मी परवाना दाखवून थांबवू?" म्हणून लिहिले आहे.

३. बाईने आपल्या नावे परवाना मागितला, तेव्हा आपल्या कार्यालयाने कळवले की अर्जदारास हत्यार नीट हाताळता येते असा दाखला एखाद्या मान्य मंडळाकडून आणावा, मग विचार होईल. या उत्तराबद्दल बाईची काही तक्रार नाही. बंदूक कोणाच्याही हाती देऊ नये हे तिलाही पटते. नेमके त्याच सुमारास सावलीच्या वैनकाठ रायफल मंडळाने दवंडी दिली की शनिवार-रविवार, ता. २८ व २९ सप्टेंबर रोजी, सर्व वयाच्या स्त्री-पुरुषांसाठी निशाणबाजीचे शिबिर भरेल आणि जमेल त्याला दाखला मिळेल. बाई दिराचा मुलगा वारलू आणि शेजारीण मंगली यांना घेऊन डोंग्याने वैनगंगा ओलांडून सावलीला गेली. सोबत दोन दिवसांची शिदोरी, आणि वारलूच्या खांद्यावर कुऱ्हाड. कुऱ्हाड कशाला नेली असे नोटिशीत विचारले आहे. उत्तर असे की कोसंबटोल्याचा माणूस घराबाहेर पडला की कुऱ्हाड खांद्यावर असतेच, जशी नोटीस लिहिणाऱ्यांच्या खिशाला पेन असते.

४. शिबिरात पेन्शनर हेडमास्तर होते, कापडाचे व्यापारी होते, कन्याशाळेच्या मुली होत्या. शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले हवालदार पोचू होते. ते सिरोंच्याकडचे, बाईला अम्मा म्हणत. शनिवारी त्यांनी पालथे पडून रायफल खांद्याला कशी लावायची, श्वास कुठे धरायचा, हे शिकवले. मग कागदावर काढलेल्या गोल रिंगणांवर गोळ्या झाडायला सांगितले. त्यात बाईच्या गोळ्या भलतीकडे गेल्या. हे बाई लपवत नाही. हवालदारांनी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "गोलानं माहं धान खाल्लं नाई, मंग त्याले गोळी काऊन घालू?" मुली हसल्या. हवालदार हसले नाहीत. ते म्हणाले, "अम्मा, उद्या डुक्कर आहे. उद्या बघू."

५. रविवारचे डुक्कर सागवानी फळीचे होते. सावलीचा सुतार लटारू याने ते कापले होते आणि शाळेच्या ड्रॉइंग मास्तरांनी रंगवले होते. सुळे पांढरे, डोळा लाल, पाठीवर केस उभे. मंडळाकडे असे डुक्कर एकच होते, कारण ते फार मन लावून केलेले होते. ते दोरीने ओढून झुडपातून झुडपात नेण्याची सोय होती. सुरू करण्याआधी हवालदार पोचू यांनी सर्वांना ओळीत उभे करून जे सांगितले ते बाईला पाठ आहे, आणि पेन्शनर हेडमास्तरांनाही आहे, हवे तर त्यांना विचारावे. हवालदार म्हणाले, "हे लाकूड आहे हे विसरा. हे जिवंत रानडुक्कर आहे असे समजा, आणि जंगलात जसे वागाल तसेच इथे वागा."

साहेबांनी हे वाक्य ध्यानात ठेवावे ही विनंती. पुढचे सगळे या वाक्यावर उभे आहे.

६. हेडमास्तरांची गोळी मागे राहिली, व्यापाऱ्यांची वर गेली. मग बाईची पाळी आली. ती पालथी पडली नाही. माचीवर बसते तशी एक गुडघा उभा करून बसली आणि डुक्कर झुडपातून निम्मे बाहेर येताच गोळी घातली. गोळी पुढच्या पायाच्या मागे, जिथे घालायची तिथेच लागली, आणि फळी खुंटीवरून निसटून खाली पडली. टाळ्या झाल्या. मंडळाचे सेक्रेटरी श्री. बापूजी कोतपल्लीवार हे त्या वेळी राहुटीत पाहुण्यांसाठी चहा सांगत होते, त्यामुळे त्यांनी गोळी पाहिली नाही. त्यांनी पाहिले ते त्यानंतरचे.

७. त्यानंतर बाईने रायफल हवालदारांच्या हाती दिली, पडलेल्या डुकराला नमस्कार केला आणि वारलूला हाक मारली. वारलूने कुऱ्हाडीने मुंडके वेगळे केले. मग पुढचा एक पाय. मग बाकीचे, हजर होते तितक्या जणांचे तितके तुकडे. मंगलीने हे तुकडे पळसाच्या पानावर ठेवून एकेकाला नेऊन दिले. हेडमास्तरांना दिला. शाळेच्या मुलींना दिला. दोरी ओढणाऱ्याला दिला, कारण हाका घालणाऱ्याला वाटा असतोच. लटारू सुतारालाही दिला. तो बराच वेळ तुकडा उलटासुलटा करून बघत राहिला आणि म्हणाला, "मीच घडवलं अन मलेच वाटा भेटला." कोणी नको म्हटले नाही. साहेब, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. शिकलेसवरलेले लोक होते, त्यांना तिथेच नको म्हणता आले असते. सगळ्यांनी दोन्ही हात पुढे करून घेतला.

सेक्रेटरी राहुटीतून बाहेर आले तेव्हा डुक्कर शिल्लक नव्हते. त्यांनी हवालदारांना विचारले की हे होत असताना तुम्ही काय करत होतात. हवालदार पोचू सावधान उभे राहून म्हणाले, "शिकारीचा वाटा चालू असताना मध्ये बोलू नये, साब." त्यांच्याही हातात तुकडा होता.

८. कोसंबटोल्यात आणि आसपासच्या गावांत रीत अशी आहे. ज्याच्या गोळीने जनावर पडले त्याला मुंडके. ज्याची बंदूक त्याला पुढचा पाय. बाकीचे सगळ्यांना सारखे, मग तो पाटील असो की हाका घालणारा. पडलेले जनावर वाटा न करता टाकून जाणे हा त्या जनावराचा अपमान आहे. तसे करणाऱ्याची बंदूक पुढे चालत नाही, गोळी समोर असलेल्याला सोडून जाते. बाईला पुढच्याच महिन्यात धान राखायचे होते. तिने हा धोका का म्हणून पत्करावा?

बाईला लाकूड आणि मांस यांतला फरक कळत नाही असे नोटिशीत सुचवले आहे. त्यावर बाई म्हणते, "लाकूड हाये हे मले दिसते. मी आंधळी नोहो. पन जनावर समज म्हनलं तं समजलं. आता काऊन बोंबलून राह्यले?" लिहिणाऱ्याच्या अल्प समजुतीप्रमाणेही, गोळी घालेपर्यंत जनावर आणि वाटा करताना लाकूड, असे दोन कायदे एकाच मैदानावर चालू शकत नाहीत.

९. ही रीत बाईला तिच्या नवऱ्याने शिकवली असे नाही, ती दोघांच्याही रक्तातली आहे. पण कोलू ती फार काटेकोर पाळी. त्याच्या शेवटच्या दुखण्यात, अगदी शुद्ध हरपण्याआधी, त्याने विचारले ते घराचे नाही, बैलांचे नाही. टोल्याच्या टोकाला राहणाऱ्या रुखमाबाईकडे कोणी जात-येत नाही, तिच्याकडे मागच्या शिकारीचा वाटा पोचला की नाही, एवढेच त्याने विचारले. पोचला होता. बाईने त्याला तसे सांगितले. हे सांगून बाई पाणी पिऊन आली आणि मग अर्ज पुढे चालला. हा मजकूर परवान्याच्या कामी उपयोगी नाही, असे लिहिणाऱ्याने सांगितले नाही, कारण त्यालाही ते सांगावेसे वाटले नाही.

१०. आता नोटिशीविषयी. मंडळाचे म्हणणे असे की बाईची गोळी लागली हे खरे, परंतु शिस्तभंग व मंडळाच्या मालाची नासधूस झाल्याने दाखला रोखला आहे. डुकराचे सर्व तुकडे गोळा करून, जोडून, मुंडक्यासह परत करावे. सोबत छापलेल्या माफीनाम्यावर अंगठा करावा. मग दाखला मिळेल.

तुकड्यांची गोष्ट अशी. हेडमास्तरांचे टेबल एका बाजूला डुगडुगत होते, ते आता त्यांच्या वाट्यावर स्थिर उभे आहे. कन्याशाळेच्या मुलींनी आपला तुकडा वर्गात फळ्याच्या वर ठेवला आहे, त्यावर पाठीचे रंगवलेले उभे केस आहेत, आणि शाळेच्या बाईंनी तो काढायला सांगितला तरी त्या काढत नाहीत. लटारू सुताराने त्याच्या तुकड्याचे लाटणे केले. हे सगळे वारलूने सावलीच्या बाजारात ऐकले. बाईने यांतल्या कोणाकडेही वाटा परत मागितलेला नाही आणि मागणारही नाही. दिलेला वाटा परत मागणे म्हणजे तू शिकारीत नव्हतास असे त्या माणसाच्या तोंडावर सांगणे. हेडमास्तर होते. मुली होत्या. बाईने डोळ्यांनी पाहिले आहे. मंडळाला तुकडे हवे असतील तर मंडळाने स्वतः घरोघर जाऊन मागावे आणि काय ऐकायला मिळते ते ऐकावे.

११. माफीनामा बाईला लिहिणाऱ्याने वाचून दाखवला. त्यात एक ओळ आहे : 'सदर कृत्य माझ्या हातून जंगली रीतीच्या अज्ञानामुळे घडले.' बाईने ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग विचारले, "अज्ञान म्हंजे कोनाचं? माहं, का त्यायचं?" लिहिणाऱ्याने सांगितले की कागदाप्रमाणे तुमचे. मग ती जे म्हणाली ते असे : "मी म्हनलं की चुकली, तं कोलू बी चुकला. रुखमाबाईले वाटा धाडत होता तो बी अज्ञानीच. मी असं लिवून देऊ?"

लिहिणाऱ्याने तिला समजावून पाहिले. हे साहेबांपासून लपवत नाही. सांगितले की बाई, कागदाला तोंड नसते, अंगठा कर आणि बंदूक घेऊन घरी जा. कचेरीपुढे बसणाऱ्या माणसाला अशी अक्कल लवकर येते. बाईने माफीनाम्याची घडी घालून तो कोराच परत केला. त्यानंतर लिहिणाऱ्याने तो विषय काढलेला नाही.

१२. इकडे धान भरले आहे. डुकरे रोज उतरतात. बांधीचा जंगलाकडचा भाग असा लोळवला आहे की तिथे लोंबी उचलायला वाकावे लागते. बाई, वारलू आणि मंगली आळीपाळीने डबा वाजवतात. डुकरांना डब्याची सवय झाली आहे. बाईने वाट्याला आलेले सागवानी मुंडके धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या कडेच्या बांधावर, खांबाला ठोकले, निदान रंग पाहून भितील म्हणून. भीत नाहीत. एकाने त्याच खांबाला पाठ घासलेली वारलूने पाहिली. म्हणजे बंदुकीवाचून गत्यंतर नाही. पीक गेले तर बाई पुढच्या सालापर्यंत मोहावर आणि कंदावर काढेल, तिने याआधीही काढले आहे. पण नशिबाने गेलेले पीक आणि विचारूनही राखू न दिलेले पीक यांत फरक आहे, आणि तो फरक कापणीनंतर बाई कचेरीपुढे येऊन सांगितल्याशिवाय राहणार नाही.

१३. तरी अर्जदार बाईची मागणी अशी :

मंडळाचा दाखला साहेबांनी मागवून घ्यावा किंवा त्यावाचून परवाना द्यावा. गोळी लागली हे मंडळाने आपल्याच नोटिशीत लिहून दिले आहे, आणखी काय सिद्ध करायचे राहिले ते बाईला कळत नाही. कोलूची बंदूक ठाण्यातून सोडावी, नळी साफ करून. फळीच्या बदल्यात फळी हवी असेल तर वारलू मंडळाला तशीच सागवानी फळी आणून देण्यास तयार आहे, घडणावळ लटारू सुताराने फुकट कबूल केली आहे. नवे डुक्कर मिळेल. जुने मिळणार नाही, कारण ते मेले आहे.

मुंडके बाईचे आहे. माफी नाही.

१४. एक गोष्ट राहिली. बंदुकीच्या मालकाचा वाटा, म्हणजे पुढचा पाय, बाईने त्याच दिवशी सेक्रेटरींपुढे धरला होता. त्यांनी हात मागे घेतला. तेव्हापासून तो पाय बाईच्या घरात आहे, आणि दुसऱ्याचा वाटा घरात ठेवून बाईला झोप लागत नाही. मंडळाच्या रायफली साहेबांनी दिलेल्या परवान्यावर चालतात, तेव्हा खरी मालकी सरकारची, असे बाईने ठरवले आहे. म्हणून तो पाय या अर्जासोबत साहेबांकडे धाडला आहे.

साहेबांनी तो ठेवून घेतला, तर शिकार झाली, ती बुधरीच्या गोळीने झाली, आणि वाटा रीतीप्रमाणे झाला, हे साहेबांनी मान्य केले असे बाई समजेल. परत धाडला, तर साहेब या शिकारीत नव्हते असे समजेल, आणि जो शिकारीत नाही त्याने मुंडके कोणाचे हे ठरवू नये. कसेही केले तरी पोच मिळावी.

कोलूची बंदूक खुंटीवर आली की बंदुकीचा वाटाही घरचाच होईल. मग बाई साहेबांना पाय धाडण्याची तसदी देणार नाही. तोवर सरकारचा मान सरकारला.

हा अर्ज बाईने पूर्ण ऐकला, दोन ठिकाणी शब्द बदलायला लावले, दोन्ही ठिकाणी अधिक कडक. खाली उठवलेला अंगठा तिचाच आहे. माफीनाम्यावर जो उठला नाही, तोही हाच.

आपली नम्र, पण चूक नसलेली,

बुधरी बेवा कोलू मडावी
(डाव्या हाताचा अंगठा)

लिहिणार : सोमाजी, अर्जनवीस
गडचिरोली, ता. २१ ऑक्टोबर १९५७

सोबत :
१. पुढचा पाय, सागवानी, डावा, गोळीच्या ओरखड्यासह.
२. मंडळाचा माफीनामा, वाचला, कोरा परत.

मुंडके जोडलेले नाही. ते धुऱ्यावर आहे.